मोठेबाबांच्या बरण्या

मुलाखत घ्यायला येणारी माणसं मला हटकून एकच प्रश्न विचारतात. "तुम्ही लोणारकडच्या. तिथं आकाशातून दगड पडला, एवढं मोठं सरोवर झालं. लहानपणी त्याच्या काठावर उभं राहून वाटायचं का हो, की आपणही आकाशाचं काहीतरी करावं?" विचारताना त्यांचे चेहरे असे भाविक होतात की उठून दार लावून घ्यावंसं वाटतं. नाही. कधीही वाटलं नाही. लोणारला आम्ही जायचो ते थोरल्या चुलतीच्या माहेरच्या लग्नकार्याला, यष्टीत उभ्याने, आणि त्या सरोवराचा मला आठवतो तो फक्त वास. आकाशाकडे बघायला आमच्या घरात कोणाला सवड नव्हती. बघितलंच तर पाऊस येतो की हुलकावणी देतो, एवढ्यापुरतं. मी विमानांच्या उड्डाण-चाचण्यांमध्ये मोजमापाची उपकरणं बसवण्यात जन्म घालवला, त्याला कारण तो दगड नाही. कारण गोळ्या-बिस्किटांच्या दोन काचेच्या बरण्या आहेत आणि माझा एक चुलता, ज्याचं नाव काढलं की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते. पण मुलाखतीत हे सांगून कोण छापणार? त्यांना दगडच हवा असतो.

आमचं गाव बीबीच्या पलीकडे. फाट्यावर मोठेबाबांचं कृषी केंद्र आणि त्याच्या मागेच आमचं घर. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, रामभाऊ. दुकान काढल्यापासून त्यांना 'शेठ' म्हटलेलं आवडायचं, आणि लोक म्हणायचेही, कारण पेरणीच्या तोंडावर सगळ्यांना त्यांची गरज असायची. पांढरा सदरा, खिशाला पेन, आणि त्या पेनाने मी त्यांना एक अक्षर लिहिताना पाहिलं नाही. सकाळी दुकानाचं शटर खडखडत वर गेलं की घरातल्या बायकांचे आवाज खाली यायचे. मोठेबाबा कामाला लागले, आता कोणी हसायचं नाही.

घर एकत्र होतं. एकत्र म्हणजे काय, ते जेवणाच्या वेळी कळायचं. मोठीमाय, म्हणजे मोठेबाबांची बायको, पाटावर बसून वाढायची आणि माझी माय चुलीपुढे भाकरी थापायची. तव्यावरची पहिली भाकर मोठेबाबांच्या ताटात, तिच्यावर तुपाची धार. ते 'थांब' म्हणेपर्यंत मोठीमाय धार तोडायची नाही. बाबा वावरातून येईपर्यंत भाकरी गार झालेल्या, वरण तळाला गेलेलं, आणि ताटात जवसाची कोरडी चटणी. तेल मागितलं तर मोठीमाय बुधली कानाशी हलवून दाखवायची, संपलं म्हणून. अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या हे माझं आवडतं जेवण. हे मी आता शहरातल्या लोकांना सांगितलं की ते "वा, किती हेल्दी!" म्हणतात. हेल्दी कसलं डोंबल्याचं! दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून आवडायचं.

त्या वर्षी मी अकरावीला होते, बीबीला जाऊन-येऊन. बारावीनंतर मला पुढे शिकवायचं की स्थळं पाहायला सुरुवात करायची, याचा निकाल मोठेबाबा देणार होते. घरातला पैसा त्यांच्या गल्ल्यातून यायचा, आणि बाबांना त्यांच्यापुढे तोंड नव्हतं. "पोट्टी हुशार हाय. पाहू," असं मोठेबाबा म्हणायचे. त्या एका 'पाहू'वर माझी माय जगत होती. भाकरी थापता थापता मधेच थांबून म्हणायची, "ते नाही म्हणले नाही ना, ज्योते? पाहू म्हणले." मला तेव्हाही त्या शब्दाची चीड यायची. पाहू काय पाहू! मी काय गोठ्यातली कालवड होते, दात पाहायला?

बीटी कपाशी आमच्याकडे नवी नवी आली होती. त्याआधी बोंडअळीने लोकांना जेरीस आणलं होतं. फवाऱ्यावर फवारे मारायचे, अंगाला वास, खाण्याला वास, आणि अळी आपली मजेत. अशात बियाण्याच्या कंपनीच्या एका माणसाने मोठेबाबांना एक खेळ शिकवला. दोन काचेच्या बरण्या घ्यायच्या. एकीत साध्या पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडाचा, पाला, दुसरीत बीटीच्या पऱ्हाटीचा. दोन्हींत अगदी बारक्या अळ्या सोडायच्या, तोंडाला पातळ फडकं बांधायचं, आणि काही दिवसांनी लोकांना दाखवायचं. साध्या पाल्यावरची अळी खाऊन टम्म, पानांची चाळणी. बीटीच्या पाल्यावरची अळी चार चावे घेऊन मलूल झालेली, मग काळी पडून मेलेली, पान जवळजवळ तसंच. मोठेबाबांनी हा खेळ बाजाराच्या दिवशी काउंटरवर मांडला आणि फाट्यावर जत्रा जमली. बोलायचे मात्र असे की ऐकत राहावं. "मी खोटं बोलन, कंपनी खोटं बोलन, पन बरणी खोटं बोलत नाही!" असं म्हणून ते पेनाने बरणीवर टिचक्या मारायचे. लोक वाकून वाकून मेलेली अळी पाहायचे आणि बीटीच्या बियाण्याचा डबा घेऊन जायचे. मी मागच्या दारात उभी राहून हे पाहिलंय. खरं सांगते, त्या माणसाबद्दल मला आयुष्यात एकदाच कौतुक वाटलं ते तेव्हा.

त्या बियाण्याच्या डब्यात एक छोटी थैली वेगळी असायची. तिच्यात साधी, बिनबीटीची सरकी. ती वावराच्या चारी धुऱ्यांनी, बांधाच्या कडेकडेने, पेरायची, म्हणजे अळ्यांना खायला ती राहील आणि त्यांना बीटीची सवय लागणार नाही, असं कंपनीचं सांगणं होतं. आमच्या लोकांना हे ऐकूनच हसू यायचं. "अळीले पोसायले वावर केलं का बे आमी?" असं म्हणून ते डबा तिथंच फोडायचे, छोटी थैली काउंटरवर टाकायचे आणि चालू लागायचे. सगळेच्या सगळे. त्या थैल्या मोठेबाबा गोळा करून मधल्या खोलीत ठेवायचे, दुकान आणि घर यांच्यामधली ती अंधारी खोली. कशाला ठेवतात, असं कोणी विचारलं नाही. मोठेबाबा काहीच फेकत नसत.

मग मी अकरावीला गेले त्या पेरणीला बियाण्याची ओढाताण झाली. डबे येईनात, आले तर ओळखीच्यांनाच मिळत. लोक शटरपुढे बसून राहायचे. तेव्हा मोठेबाबांच्या दुकानात 'खुल्लं बीटी' आलं. डब्यात नाही, साध्या प्लास्टिकच्या थैलीत. "गुजरातहून आनलं, आपल्या लोकायसाठी," असं ते सांगायचे. कोणी कां-कूं केलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "भरोसा नसन तं नाल्याकडच्या वावरात जाऊन पाय. किसनानं हेच टाकलं. सख्ख्या भावाले कोनी खोटं देते का?" किसन म्हणजे माझे बाबा. आमची जमीन एकत्र, पण कसायला दोन वावरं होती. रस्त्याकडेचं काळं भुसभुशीत मोठेबाबा पाहायचे आणि नाल्याकडचं बाबांकडे. लोक खरोखर नाल्याकडे जाऊन यायचे. हिरवीगार उगवण पाहायचे आणि थैली न्यायचे. उगवायला काय, साधी सरकीही तशीच उगवते.

त्या दिवसांत दुपारी शटर अर्धं खाली यायचं आणि मधल्या खोलीचं दार आतून लागायचं. सरकी ओतल्याचा आवाज यायचा, आणि फटीतून जळक्या प्लास्टिकचा वास. थैलीचं तोंड बंद करायची आमच्याकडची रीत म्हणजे ते लोखंडी पातीवर दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवायचं. किराणावाले करतात, चिवडावाले करतात. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आज हाच वास माझ्या पोटापाण्याचा आहे. वायरींच्या सांध्यांवर आम्ही प्लास्टिकची नळी चढवतो, ती गरम हवेने आवळते, तेव्हा अगदी तोच वास सुटतो. नवी पोरं नाक धरतात. मी धरत नाही, पण त्या वेळी माझ्याशी कोणी गप्पा मारायला येऊ नये.

कापसाची पहिली वेचणी करायच्या आधी आमच्याकडे सीतादही करतात. घरातल्या बायका वावरात जातात, एका चांगल्या पऱ्हाटीखाली दगड मांडतात, हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा निवद दाखवतात, आणि मगच पहिला कापूस हाती घेतात. एरवी मला हा दिवस आवडायचा. धुऱ्यावर बसून दहीभात खायचा, तोंडी लावायला मीठ-मिरची, आणि चहूकडे पांढरं फट्ट. त्या वर्षी नाल्याकडच्या वावरात चांगली पऱ्हाटी शोधण्यातच वेळ गेला. प्रत्येक बोंडाला भोक. मायने मांडलेल्या दगडांना हात जोडले, बोंड उकललं, तर आत पिवळी, चिकटलेली कवडी. कवडी म्हणजे किडका कापूस, जो कोणी घेत नाही. तिने दुसरं उकललं. तेही तसंच. तिसऱ्याला तिने हात लावला नाही. मोठीमाय मागे उभी होती. ती म्हणाली, "एखाद्याच्या हाताले बरकतच नसते, त्याले कोन काय करन? आमच्या रोडाकडच्या वावरात पाय, कसं फुटून राह्यलं!" मायने दहीभाताचं भगुणं पुन्हा झाकून टाकलं. तो दहीभात त्या दिवशी कोणी खाल्ला नाही, तसाच आंबून गेला.

एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित मीही गिळून टाकलं असतं. पण संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या मोठेबाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "किसनानं फवारलंच नाही. झोपा काहाडल्या. आता अशा वावराच्या जिवावर पोट्टीले शिकवनं व्हते का? बारावी झाली की पाहुणे पाहून टाकू." झालं. 'पाहू' संपलं. मायचा हात परातीतच थांबला. बाबांनी मान वर केली. मोठेबाबांच्या डोळ्याला डोळा देताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. काहीतरी बोलणार होते ते. ओठ हललेसुद्धा. पण मोठेबाबा नुसते त्यांच्याकडे पाहत राहिले आणि बाबांनी मान खाली घातली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाबा किती फवारत होते ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पंप पाठीवर घेऊन त्यांचे खांदे सोलवटले होते. आणि हा माणूस म्हणतो झोपा काढल्या!

मी चहाच्या टपरीवरून दोन रिकाम्या बरण्या आणल्या. रोडाकडच्या वावरातला पाला एकीत आणि नाल्याकडचा दुसरीत. बारक्या अळ्या शोधायला लांब जायची गरजच नव्हती, आमच्या वावरात त्यांचं गोकुळ होतं. बरण्या कणगीमागे ठेवल्या आणि रोज शाळेतून आल्यावर पाहत गेले. रोडाकडच्या पाल्यावरच्या अळ्या मेल्या. नाल्याकडच्या माजल्या. बस, एवढंच. एक वावर बीटी होतं आणि एक नव्हतं. म्हणजे मोठेबाबांनी स्वतः खरं बियाणं पेरलं आणि माझ्या बापाच्या पदरात ती छोट्या थैल्यांतली साधी सरकी घातली. सख्ख्या भावाच्या! मी मायला ओढून नेऊन दाखवलं. तिने पाहिलं, समजली, आणि फडकं परत नीट बांधलं.

"ठेव तिथंच. कोनाले बोलू नको."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? घर हाय हे, ज्योते. घरातलं घरात ऱ्हाऊ दे."

मी ठेवलं नाही. बाजाराच्या दिवशी, फाट्यावर पाय ठेवायला जागा नसताना, मी पुढच्या दाराने दुकानात गेले आणि दोन्ही बरण्या काउंटरवर, वजनकाट्याच्या शेजारी ठेवल्या. बाबा आत खताची पोती हलवत होते. मोठेबाबा हसले. त्यांना वाटलं, पोरगी गिऱ्हाईक वाढवायला मदत करते आहे.

"हे काय आनलं वं?"

"तुमचाच खेळ हाय, मोठेबाबा. हा पाला तुमच्या रोडाकडच्या वावरातला. हा नाल्याकडचा, आमचा. पाहा बरं अळ्या."

लोक वाकले. सवय होती त्यांना वाकायची. त्यांत आमच्या शेजारच्या वावराचे सलीमभाई होते. त्यांनी खुल्ल्या थैल्या नेल्या होत्या आणि त्यांचीही पऱ्हाटी किडून गेली होती. ते बराच वेळ एका बरणीतून दुसऱ्या बरणीत पाहत राहिले.

"रामभाऊ, हे तं बीटी नाही," ते म्हणाले. "तुम्ही तो बोले थे, किसनानं बी हेच टाकलं. मंग आमच्या थैलीत काय होतं?"

"पोरीचा खेळ हाय तो. बरणीत काही बी होते," मोठेबाबा म्हणाले.

"बरणी खोटं बोलत नाही," मी म्हणाले. अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले. "तुमीच सांगता ना? बापाच्या वावराचं वाटोळं केलं तुमी आन् वरून म्हनता झोपा काहाडल्या?"

मला वाटलं होतं, आता ते घाबरतील. काय भोळी होते मी! मोठेबाबांनी पेन खिशाला नीट लावलं, मागे वळले आणि शांतपणे म्हणाले, "किसना, सांग ना तुह्या पोरीले. थैल्या कोनं भरल्या? मेनबत्ती कोनाच्या हातात होती?"

बाबा पोत्याला हात लावून उभे होते, तसेच राहिले. नाही म्हणाले नाहीत. मी वाट पाहत होते की आता म्हणतील, आता म्हणतील. तोवर मला पेरणीच्या दिवसांत त्यांच्या बोटांना येणारा जळक्या प्लास्टिकचा वास आठवला. बाबांनीच भरल्या होत्या. आणि नाल्याकडच्या वावरात ती सरकी त्यांनी जाणूनबुजून पेरली होती, लोकांना दाखवायला, त्यांचा भरवसा बसावा म्हणून. त्यापायी स्वतःचं पीक घालवलं आणि स्वतःच्या हाताने फुकटचे फवारे मारत बसले.

"तुह्यासाठीच केलं ना बाई," ते मला म्हणाले. "दादा म्हने, एवढं कर, पोरीले शिकवतो."

'मी सांगतलं होतं का?' असं मी ओरडले. ओरडले म्हणजे किंचाळलेच. मला दया आली नाही, गहिवर आला नाही, काही नाही. नुसता संताप. सलीमभाईंसारख्या साध्या माणसांच्या वावरात किडे घालून माझ्या शिक्षणाची सोय करायला यांना कोणी सांगितलं होतं? त्या क्षणापासून 'तुझ्यासाठी' हा शब्द माझ्याजवळ कोणी काढला की मी उठून जाते. नवऱ्याने एकदा काढला होता, त्यालाही ठाऊक आहे काय झालं ते.

मग कोणीतरी बाबांना गचांडी धरून ओट्यावरून खाली ओढलं. सलीमभाई "हात नको लावा, हात नको लावा" म्हणत मधे पडले, पण त्यांचंही कोण ऐकतंय! आणि त्याच गडबडीत मागे खडखड वाजलं. मोठेबाबांनी आतून शटर ओढलं. ते आत, आणि बाबा बाहेर लोकांत. माझ्या बरण्या फुटल्या. अळ्या लोकांच्या चपलांखाली गेल्या. बाबांचा सदरा खांद्यापासून फाटला, आणि ते एवढंच म्हणत राहिले, "चुकलं, बाप्पा. चुकलं." शटरकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात चूल वेगळी झाली. आम्ही नाल्याकडच्या वावरातल्या टिनाच्या खोलीत राहायला गेलो. आता तुम्हाला वाटेल, गावाने मोठेबाबांवर बहिष्कार टाकला असेल. हां! पुढच्या पेरणीला तेच लोक त्याच शटरपुढे बसले होते. उधार कोण देणार दुसरं? गावाच्या लेखी लबाड ठरले ते माझे बाबा, कारण मेणबत्ती त्यांच्या हातात होती. आणि त्यांच्याहून वाईट मी. "बापाले बजारात उघडा करनारी पोट्टी" हे माझं नावच पडलं. विहिरीवर बायका माझ्यासमोर मायला सांगायच्या, हिला जपून दे बाई कुठं द्यायची ती. माय माझ्याशी कामापुरतं बोलायची. बाबा तेवढंही नाही. ताट पुढे ठेवलं की जेवायचे आणि उठायचे.

माझं शिक्षण मग झालं ते असं. दोन ठिकाणची पाहुणेमंडळी गावात चौकशी करून परस्पर फाट्यावरूनच मागे फिरली. तेव्हा माय बाबांना म्हणाली, "हिले कोनी करून नेनार नाही. जाऊ द्या शिकायले." मुलींचं सरकारी वसतिगृह होतं, फी माफ होती, मी पॉलिटेक्निकला गेले. माझ्याशी लग्न करायला कोणी तयार नव्हतं म्हणून मी इंजिनीअर झाले, हे मी सत्कारात एकदा सांगितलं, तर लोक विनोद समजून हसले. इन्स्ट्रुमेंटेशन ही शाखाही मी निवडली नाही. माझा नंबर लागला तेव्हा तीच उरली होती. तिचा अर्थ मास्तरांनी पहिल्या तासाला सांगितला, "यंत्रात काय चाललंय ते यंत्राला न विचारता कळून घेणं." मला हसू आलं. म्हटलं, हे तर मला येतं.

पुढे पुण्यात एका कारखान्यात मोजमापाचे काटे तपासायच्या कामावर लागले. तिथं माझ्या 'मले' आणि 'काऊन'वर जेवणाच्या सुट्टीत नकला चालायच्या. मी बोलणं कमी केलं आणि संध्याकाळच्या वर्गांना बसून डिग्री घेतली. मग परीक्षा देऊन दक्षिणेत, विमानांची चाचणी होते तिथं गेले. नव्या विमानाच्या अंगावर आम्ही जागोजागी सेन्सर चिकटवतो. पंख किती वाकतो, शेपूट किती थरथरते, कुठं किती तापतं. त्यांच्या वायरी नारिंगी रंगाच्या असतात, म्हणजे विमानाच्या स्वतःच्या वायरींत मिसळू नयेत. चाचण्या संपल्या की त्या उपटून टाकतात. पाहुणा जसा, कोणाला फारसा नको असलेला. उड्डाण चांगलं झालं तर वैमानिकाचा सत्कार आणि आकडा वाईट आला तर पहिला फोन आम्हाला, "तुमचा सेन्सर खराब आहे." पोरीचा खेळ आहे, बरणीत काहीही होतं! शब्द वेगळे, आवाज तोच.

एकदा शेपटीच्या डाव्या बाजूची थरथर दर उड्डाणाला वाढत होती. विमानाचा आराखडा करणारे मोठे साहेब म्हणाले, सेन्सर काढून टाका, उड्डाण पाहायला पाहुणे यायचेत, ते थांबायला नको. मी काढला नाही. डावीकडचा सेन्सर उजवीकडे लावला आणि उजवीकडचा डावीकडे. दोष सेन्सरात असता तर आकडा त्याच्याबरोबर उजवीकडे गेला असता. गेला नाही. डावीकडेच राहिला. साहेबांनी माझ्यावर आवाज चढवला. मीही चढवला, आणि माझा बाजारात तयार झालेला आहे. शेवटी शेपूट उघडली तर आतल्या एका आधाराला चीर गेलेली. वैमानिक त्यात बसणार होता, त्याच्या घरी लहान पोर होतं. आभार? छे. कागदावर 'नेहमीच्या तपासणीत आढळले' असं लिहिलं गेलं. मला राग आला, पण धक्का बसला नाही. शटर कसं ओढतात ते मी लहानपणीच पाहिलं होतं.

माय गेल्यावर बाबा काही दिवस माझ्याकडे राहायला आले. मधल्या सगळ्या वर्षांत आमचं बोलणं फोनवर पाऊसपाणी आणि तब्येत, यापलीकडे गेलं नव्हतं. मोठेबाबांचं दुकान आता दुमजली झालंय, ही बातमीही त्यांनी पाऊसपाण्यासारखीच दिली. एका रविवारी दुपारी मी कण्या शिजवल्या. सोबत अंबाडीची भाजी. ते जमिनीवरच बसले, टेबलाची त्यांना सवय नव्हती. मी समोर बसले. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "तू करतं तरी काय तिथं? इमानात?"

मी सांगितलं. पंख, शेपूट, नारिंगी वायरी, सगळं.

"आन् खोट निघाली तं?"

"तं सांगतो, की खोट हाय."

"मंग लोक काय म्हनतात?"

"म्हनतात, तुह्या काट्यातच खोट हाय."

ते हसले. दात राहिले नव्हते फारसे. मग कण्या चिवडत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बरणीले इचारलं तू. मले नाही इचारलं."

म्हणजे हे एवढी वर्षं उराशी धरून होते ते! माझा पारा चढलाच. म्हातारा बाप समोर बसलाय, आता सोडून दे, हे मला जमत नाही, तेव्हाही जमलं नाही. मी म्हणाले, "इचारलं असतं तं खरं सांगतलं असतं का तुमी?"

मला माहीत होतं काय येणार ते. 'तुह्यासाठी' येणार. मी उठायच्या तयारीत गुडघ्यावर हात ठेवला होता. बाबांनी घास ताटात परत ठेवला. खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, नीट, डोळ्याला डोळा देऊन.

"नाही," ते म्हणाले. "नसतं सांगतलं."

मी बसून राहिले. त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं, कण्या हव्या होत्या. मी वाढल्या, आणि वर तुपाची धार धरली. ते थांब म्हणेपर्यंत तोडायची नाही असं ठरवून धरली. बाबा थांब म्हणाले नाहीत.